चाचांच्या मोटारीसाठी लिहिलेला अर्ज

कायद्यावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि त्याची मोटार मी मारली. मारली म्हणजे झाडावर घातली असं नव्हे, मला मोटार चालवता येत नाही. मी ती इंग्रजीत मारली. तेव्हा मी बेलापूरच्या मराठी शाळेत मास्तर होतो, मॅट्रिक पास होतो, आणि दोन्ही गोष्टींची मला घमेंड होती.

ज्यांची मोटार, ते आमचे मोटारवाले चाचा. त्यांचं गावात बांगड्यांचं दुकान होतं. नवरी कुणाच्याही घरची असो, लग्नाचा चुडा तिनं चाचांच्याच हातून भरायचा, आणि जिला चुडा भरला तिला सासरी जाताना चाचांनी आपल्या मोटारीतून स्टेशनावर सोडायचं, असा गावाचा रिवाजच पडून गेला होता. भाड्याचं नाव काढलं की चाचा रागवत. "बैलगाडीत पोरगी गाव दिसंनासं होईस्तोवर मागं बघून रडती," ते म्हणत. "मोटारीत दोन्ही हातांनी टपाला धराया लागतं. रडाया सवड कुठं हाय?" माझी बहीण अशीच गेली. स्टेशनावर ती उतरली तेव्हा खदखदून हसत होती. आमचे मेव्हणे तेवढे पांढरेफटक पडले होते.

ही मोटार कालव्याच्या कामावरचा कुणी गोरा इंजिनिअर विलायतेला परत जाताना विकून गेला होता. तिला कापडी टप होता, पुढून हँडल मारावं लागे, आणि ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना होते. पण तिच्याबाबतीत सरकारनं काही नवा नियम काढला की चाचा असे खूश होत, की जणू त्यांना विचारूनच तो काढलाय. वळताना हात बाहेर काढावा असं कुणीतरी त्यांना वाचून दाखवलं, त्या दिवसापासून ते बाजारात पायी चालतानाही वळायच्या आधी हात काढू लागले. एकदा तो हात थेट कुलकर्ण्यांच्या पगडीला लागला. कुलकर्णी संतापले, तर चाचा शांतपणे म्हणाले, "इशारा दिल्ता, रावसाहेब. तुमी बघितला न्हाई." दुसऱ्या महायुद्धात उजेड विमानांना दिसू नये म्हणून दिव्यांना काळा कागद लावायचा हुकूम निघाला, तेव्हा चाचांनी तो त्याच दिवशी लावला. मोटारीचे दिवे गेली सहा वर्षं लागतच नव्हते, हे मी सांगून पाहिलं. "मंग काय झालं?" ते म्हणाले. "कागद तर लागतोय ना?"

पुढं पेट्रोल कुपनावर आलं. चाचा थेंब थेंब साठवून फक्त नवरीमुलींपुरती मोटार काढू लागले. त्यातच कर वाढला. मोटार हलो वा न हलो, कर वर्षभराचा. नेमकं त्याच सुमारास मी वर्तमानपत्रात वाचलं, की जी गाडी काही महिने बंद ठेवायची असेल, तिच्या मालकानं आधी तसं कळवलं तर तेवढ्या महिन्यांचा कर सुटतो. पावसाळ्याचे चार महिने गावात लग्नं नसतातच. "चाचा, तुम्ही निर्धास्त राहा. अर्ज मी लिहितो," मी म्हणालो. कुणी विचारायच्या आधी पुढं व्हायची खोड मला जन्मापासूनची आहे.

दोन ओळींचं काम होतं. मी तीन दिवस शब्दकोश घेऊन बसलो आणि चार पानं लिहिली. इंजिनाचा प्राण गेला आहे, देह गंजून झडतो आहे, ही चाकं पुन्हा सरकारी रस्त्याला लागणे नाही! मोटारखात्याच्या साहेबाला पाझर फुटावा म्हणून मी त्या मोटारीला तिरडीवरच निजवलं. चाचांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. "वा!" म्हणाले आणि अर्ज घेऊन स्टेशनावर टपालात टाकायला गेले. या सगळ्या वाङ्मयात 'चार महिने' हे दोन शब्द घालायचे राहून गेले, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

उत्तर आलं. मालकाच्याच सांगण्यावरून गाडी कायमची निकामी ठरली होती. नंबर रद्द झाला होता आणि नोंदणीचं पुस्तक परत मागवलं होतं. कर माफ झाला, तोही कायमचा! नवा नंबर घ्यायचा तर नवी तपासणी, आणि नव्या नियमाप्रमाणे ब्रेक चारी चाकांना हवे. चाचांनी कागद माझ्याकडून वाचून घेतला, पुन्हा एकदा वाचायला लावला, आणि म्हणाले, "मास्तर, इंग्रजी लई झकास लिवलं तुमी. सायबाला पटलं."

गावानं त्यांना परोपरीनं समजावलं. खुद्द पोलीस पाटील म्हणाले, "काढा हो बिनधास्त, मी बघतो." चाचा ऐकेनात. "बिगरनंबरी गाडी रस्त्यावर? माझ्यानं व्हनार न्हाई."

आणि हिवाळ्यात त्यांच्याच धाकट्या लेकीचं लग्न निघालं. गावच्या सगळ्या पोरी मोटारीतून पाठवून आता स्वतःच्या पोरीची पाळी आली होती. पाटलांनी बैलगाडी सजवून दिली. ही पोर माझीच विद्यार्थिनी. गाडीत चढताना मला म्हणाली, "मास्तर, माझी मोटार लिवून टाकली की वो तुमी!" आणि हसली. मग बैल चालू लागले आणि ती मागं वळून बघत रडायला लागली. स्टेशनापर्यंत रडत होती. मी गाडीमागून चालत होतो, आणि कुठंतरी तोंड लपवावं असं मला झालं होतं.

परतताना मी आणि चाचा दोघेच होतो. मला राहवेना. म्हटलं, "चाचा, चूक माझी. मी चार महिने लिहायला विसरलो."

"ठावं हाय," ते म्हणाले. "टाकायच्या आधी स्टेशन मास्तरानं वाचला हुता. म्हनला, ह्यात गाडी मेली म्हनून लिवलंय, दुसरा लिवून घ्या."

"मग टाकलात कशाला?"

चाचा म्हणाले, "तीन दिस खपून लिवला हुता तुमी. दुसऱ्याकडून लिवून घेतला आसता तर गावात झालं आसतं, मास्तराचं इंग्रजी खोटं निगालं म्हनून. पोरांना शिकिवता तुमी. मला वाटलं, सायेब समजून घेईल."

मला जे रडू आलं ते मी आवरलं नाही. चाचांनी चाल जरा कमी केली.

चाचा जाऊन आता बरीच वर्षं झाली. लोक अजून माझ्याकडे अर्ज लिहायला येतात. मी दोन ओळी लिहितो, वाचून दाखवतो आणि म्हणतो, काही चुकलं असेल तर स्पष्ट सांगा. लोक सांगतात. हे नको, ते खोडा, असं तोंडावर सांगतात आणि मी मुकाट्यानं खोडतो. त्या वेळी मला चाचांची फार आठवण येते.