मेंदूवरचं व्याख्यान आणि आत्याबाईंचा नारळ

मला फेफरं येतं हे मी स्वतः कधी पाहिलेलं नाही. ज्याला येतं त्याला ते दिसत नाही, एवढी एक सोय देवानं ठेवलेली आहे. मला ठाऊक असायचं ते नंतरचं: चावलेली जीभ, ठेचून निघालेलं अंग, नाकाशी धरलेल्या वहाणेचा वास आणि वर वाकलेली चार तोंडं. त्या तोंडांचा मला भारी राग यायचा. माझं काय झालं ते यांना ठाऊक आणि मलाच नाही, हा कुठला न्याय?

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, काटेवाडीला कालव्याच्या पाण्यावर वांगी-मिरच्या करायचे. त्याआधी आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. आबांनीही निम्मं आयुष्य कळपामागं काढलं आणि मग जमिनीच्या तुकड्यावर बूड टेकलं. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी माझं दुखणं पोटात ठेवलं. इंदापूरची माणसं, मुलगा शाळेत मास्तर, असं स्थळ आपल्या पायांनी चालून आलेलं. आबा तसे खोटं बोलणारे नव्हेत. पण त्या बैठकीत "पोरगी खुटखुटीत हाय" असं बोलून गेले, आणि लग्नानंतर आमच्या दारात कधी आले नाहीत. इंदापूरला येणाऱ्या एस.टी.त वांग्यांची पाटी ठेवून द्यायचे, स्वतः मात्र यायचे नाहीत.

लग्नाला दोन महिने झाले नसतील, एका पहाटे झोपेतच मला फेफरं आलं. डोळे उघडले तर नवरा माझं डोकं मांडीवर घेऊन बसलेला. त्यांनी एवढंच विचारलं, "आधीपासून आहे?" मी मान हलवली. ते म्हणाले, "आईला कळू द्यायचं नाही." त्या दिवसापासून आमचा दोघांचा कट सुरू झाला. नवऱ्याबायकोचं इतकं घट्ट गूळपीठ त्या काळी आमच्या गल्लीत दुसरं नसेल.

आई म्हणजे माझी सासू. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. उंच, हाडापेरानं मजबूत, तरुणपणीच कपाळ पांढरं झालेलं आणि एकुलत्या एका पोराला कष्टानं शिकवलेलं. माझ्याशी बोलणं कमी, आणि बोलल्या की तो हुकूमच. विहिरीवर मला कधी एकटीला जाऊ द्यायच्या नाहीत. "ऱ्हाऊ दे, तुझ्या हातनं घागर फुटती." चुलीपाशी बसले की मला उठवून बाजूला पीठ मळायला बसवायच्या. "तुझी भाकरी करपती." माझी भाकरी मुळीच करपत नव्हती. मनातल्या मनात मी त्यांच्याशी रोज भांडायची आणि रोज जिंकायची.

भीती मात्र खरी होती. आमच्या गल्लीतली एक सून याच दुखण्यापायी माहेरी परत धाडलेली मी पाहिली होती. तिची ट्रंक बैलगाडीत चढवली, आणि ती गाडी वळेपर्यंत कुणी दारात उभंसुद्धा राहिलं नाही. आत्याबाईंना कळलं की आपलीही ट्रंक निघाली, हे मी धरूनच चालले होते. नवरा चांगला होता, पण आईपुढं त्यांचा आवाज फुटत नसे.

बारामतीला दर उन्हाळ्यात वाचनालयाच्या पटांगणात व्याख्यानमाला व्हायची. आमच्या लग्नाच्या तिसऱ्या उन्हाळ्यात पुण्याचे एक डॉक्टर 'मेंदू आणि त्याचे आजार' या विषयावर बोलणार असल्याचं ह्यांना शाळेत समजलं. तिथं रीत अशी होती की ज्याला काही विचारायचं असेल त्यानं चिठ्ठी लिहून द्यायची, खाली नाव घालायचं नाही, अध्यक्ष ती वाचून दाखवणार. ह्यांना तेवढंच हवं होतं. चिठ्ठी तर त्यांनी दोन दिवस आधीच लिहून खिशात ठेवली. व्याख्यान ऐकून काटेवाडीला आबांकडं मुक्काम करायचा, असा बेत होता.

आत्याबाईंना सांगितलं, बारामतीला व्याख्यानाला चाललोय.

"म्हंजी काय असतंय?"

"एक शहाणा माणूस उभा राहून बोलतो, बाकीचे खाली बसून ऐकतात."

"मंग कीर्तनच की ते. मी बी येती."

आता काय करणार? ठेवणीतलं लुगडं नेसून आणि पिशवीत नारळ घालून त्या आमच्याआधी उंबऱ्याबाहेर. कीर्तनाला रिकाम्या हातानं जाऊ नये, ही त्यांची शिस्त. हे मला हळूच म्हणाले, "आता चिठ्ठीचं कसं?" मी म्हणाले, "आधी नारळाचं कसं ते बघा."

बारामतीच्या स्टँडवर आबा आमची वाट बघत होते. आमच्या मागून आत्याबाई उतरलेल्या पाहून त्यांचं तोंड एवढंसं झालं. हात जोडून म्हणाले, "इहीणबाई, तुमी बी?"

"का? आमी यिऊ न्हाय?"

पटांगणापर्यंत आबा आमच्यापुढं दहा पावलं चालत राहिले.

ऊन कललं होतं. पटांगणात जाजमं घातलेली, एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका. समोर टेबल आणि टेबलावर काचेची एक मोठी बरणी. बरणीत पाण्यासारखं काहीतरी आणि त्यात फिकट, वळ्यावळ्यांचा एक गोळा. आत्याबाई पुरुषांच्या मधून सरळ टेबलापाशी गेल्या, बरणीपुढं नारळ ठेवला, हात जोडले आणि येऊन माझ्या शेजारी मांडी घालून बसल्या. पुरुषांच्या बाजूला खसखस पिकली. मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं.

डॉक्टर हसले नाहीत. चष्मेवाला, हडकुळा माणूस, त्या उकाड्यातही कोट घातलेला. त्यांनी नारळ उचलला आणि म्हणाले, "या आईंनी माझं काम सोपं केलं." मग शेंडी धरून समजावू लागले: हा वरचा काथ्या म्हणजे आपले केस आणि कातडी, ही करवंटी म्हणजे कवटी, आत जसं पाणी, तसंच कवटीतही पाणी, आणि त्या पाण्याच्या आधारानं बसलेला मऊ मेंदू. आत्याबाईंनी अशा काही तोऱ्यात माझ्याकडं पाहिलं, जणू नारळ त्यांनी याचसाठी आणला होता.

मग डॉक्टरांनी बरणी उचलली. "हा मेंदू कुणाचा असेल?"

मागून आबांचा आवाज आला, "मेंढराचा."

"कसं ओळखलंत, बाबा?"

"जल्म त्येच्यातच गेला जी."

डॉक्टर पुढं तासभर बोलले. मेंदूतले निरोप बारीक विजेनं इकडून तिकडं जातात, म्हणाले. ती वीज कागदावर रेघांनी काढून दाखवणारं यंत्र आता निघालं आहे, आणि देशोदेशीचे डॉक्टर त्या रेघा वाचायला शिकताहेत. आमच्या घरात अजून विजेचा दिवा नव्हता, आणि हे गृहस्थ सांगत होते की वीज तुमच्या डोक्यातच आहे. मग म्हणाले, एखाद्या वेळी मेंदूत ही वीज एकदम उसळते आणि माणूस कोसळतो. त्यालाच तुम्ही फेफरं म्हणता. ती बाधा नाही, देवाचा कोप नाही, शिवल्यानं लागत नाही. कांदा हुंगवून आणि वहाण लावून काही होत नाही. मी जाजमाच्या पट्ट्यांकडं बघत बसले. शेजारी आत्याबाई होत्या, त्यांच्याकडं बघायची माझी छाती नव्हती.

प्रश्नांची वेळ झाली. ह्यांचा हात खिशात गेलेला मला दिसला. तेवढ्यात आबाच उभे राहिले.

अध्यक्ष म्हणाले, "चिठ्ठी द्या, चिठ्ठी."

"लिवता येत न्हाय जी मला."

"बोलू द्या त्यांना," डॉक्टर म्हणाले.

आबा मुंडासं सारखं करून बोलू लागले. "आमच्या कळपात एखादं मेंढरू एकाच अंगाला गरगरा फिरायचं. खायाचं न्हाय, कळपातनं बाजूला पडायचं. मंग आमचा म्हातारा त्येचं डोस्कं अंगठ्यानं दाबून बघायचा. कवटी एका जागी मऊ लागती. तितं चाकूनं उघडलं की आत पाण्याचा फुगा घावतो. त्यो सगळा काढला तर एखादं जगायचं. माझं इचारणं येवढंच हाय जी, माणसाच्या डोस्क्यात बी तसा फुगा आसतो का? आन कवटी मऊ लागत नसंल, तर त्यो कुठं हाय ते वळखायचं कसं?"

ते अंगठ्यानं हवेत दाबून दाखवत होते, आणि ते दाबणं मला ओळखीचं वाटलं. लहानपणी दर आठ-पंधरा दिवसांनी आबा मला पुढ्यात घेऊन डोकं चाचपायचे. कानामागं, टाळूवर, मानेवर, दोन्ही अंगठ्यांनी, सावकाश. मला वाटायचं लाड करताहेत. मी डोळे मिटून बसायची. इतकी वर्षं माझा बाप माझ्या डोक्यात मऊ जागा शोधत होता.

डॉक्टर टेबलामागून पुढं आले. म्हणाले, "बाबा, तुमच्या वडिलांना जे ठाऊक होतं ते मी पुस्तकात वाचून शिकलो." कुत्र्याच्या पोटातल्या जंताची अंडी चाऱ्यातून मेंढराच्या पोटात जातात आणि त्याचा तो फुगा होतो, हे त्यांनी नीट उलगडून सांगितलं. माणसाचं फेफरं बहुतेक वेळा तसं नसतं. कवटी दाबून ते सापडायचं नाही आणि चाकूचं तर नावच काढू नका. त्याला गोळ्या आहेत, नेमानं घ्याव्या लागतात. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "तुमच्या घरात कुणाला आहे का?"

आबांनी बायकांच्या बाजूला पाहिलं. मी कुठं आहे ते नाही, आत्याबाई कुठं आहेत ते पाहिलं.

"न्हाय जी," ते म्हणाले. "घरात कुणाला न्हाय. मेंढरांचं इचारलं." आणि खाली बसले.

मला राग यायला हवा होता. आला नाही. भरल्या सभेत बापानं मला नाकारलं ते माझ्याचसाठी, हे कळत होतं आणि म्हणूनच ते फार लागलं.

तेवढ्यात माझ्या शेजारचं लुगडं सळसळलं. आत्याबाई उभ्या राहिल्या होत्या. सभेत बाई उभी राहून बोलते असं त्या पटांगणानं फारसं पाहिलं नसावं.

"हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या सुनंला हाय. दोन वरसं झाली मी बघतिया. आमचं मास्तर समजत्यात, आईला ठावं न्हाय."

हे खिशात हात तसाच ठेवून दगडासारखे बसलेले.

"इहिरीवर मी तिला येकली धाडत न्हाय. इस्तवापाशी बसवत न्हाय. आजून काय करायचं ते सांगा."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "आई, पाणी आणि विस्तव, हेच मी आधी सांगणार होतो," म्हणाले. फेफरं आलं की कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका, आणि एकदा पुण्याला घेऊन या, गोळ्या देतो. त्या गोळ्या मी पुढं कितीतरी वर्षं घेतल्या. फेफरं पुरतं गेलं नाही, पण वर्षा-दोन वर्षांनी येणाऱ्या लांबच्या पाहुण्यासारखं झालं.

तेव्हा मात्र मी आत्याबाईंच्या पदरात तोंड खुपसून हमसाहमशी रडत होते. करपलेल्या भाकरीवरून मनात जेवढी भांडणं जिंकले होते, तेवढी सगळी एका दमात हरले. त्या म्हणत होत्या, "गप. लोकं बघत्यात." आणि पदर काही सोडवून घेत नव्हत्या.

काटेवाडीला गेल्यावर आबा जेवले नाहीत. सकाळी मी चहा घेऊन वांग्यांच्या वाफ्यांकडं गेले तर आत्याबाई आधीच तिथं पोचलेल्या. आबांनी डोक्याचं मुंडासं काढून त्यांच्या पायांपुढं ठेवलं होतं आणि उघड्या डोक्यानं, खाली मान घालून उभे होते. मी कप घेऊन तिथंच थांबले.

"इहीणबाई, मी खोटं बोललो. पोरीला ठिवायची का धाडायची, ते तुमच्या हातात."

आत्याबाईंनी वाकून मुंडासं उचललं, झटकून माती काढली आणि त्यांच्या हातात दिलं. "बांधा डोस्क्याला. ऊन वर आलं."

आबा ते नुसतं हातात धरून उभे राहिले.

"खरं सांगू का, पाव्हणं," त्या म्हणाल्या, "तुमी तवाच सांगितलं आसतं, तर मी ही सून केली नसती."

आबांनी डोळे मिटले.

"म्हणून म्हंती, बरं झालं तुमी न्हाय सांगितलं."