तेहतीस भोकांचं वाण

गाडीचा ॲम्प्लिफायर घेताना सगळ्यात आधी त्याची भोकं मोजावीत, अशी माझी पद्धत आहे. म्हणजे होती. एकदाच वापरली.

झालं असं, की अधिकमास आला. आमच्या पिंपळगाव राजात धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायचं म्हणजे जाळीदार वस्तू हवी. अनारसे, बत्तासे, अंगाला भोकं असलेलं काहीही, आणि तेही मोजून तेहतीस! आता आमचे जवाईबापू अनारशाला तोंड लावत नाहीत. त्यांचा सगळा जीव गाडीतल्या चार स्पीकरांत. वर्षभर थांबून, स्वतःच्या हातांनी बसवलेले. गाडीचं दार कोणी जोरात लावलं तरी त्यांच्या पोटात कळ येते. (आमच्या लेकीला, सीमाला ताप आला होता तेव्हा आली होती का, ते विचारायचं राहूनच गेलं.)

सीमाच फोनवर म्हणाली, "माय, यंदा त्याह्यले ॲम्प्लिफायर दे. स्पीकर चांगले हायेत, पण आवाजात जोर नाही म्हणतात."

मग मी आणि आमचे हे खामगावला गेलो. दुकानदार सलीमभाऊ मोठा सज्जन माणूस. सीमानं स्पीकरच्या खोक्याचा फोटो पाठवला होता, तो त्याला दाखवला.

"तीनशे वॅट लिव्हलं हाय पाहा," मी म्हटलं.

"मावशी, तो मोठा आकडा दिखाव्याचा. खाली बारीक अक्षरात साठ आहे ना, तो खरा. ॲम्प्लिफायर त्याच्या जोडीचा पाह्यजे."

हे मला चटकन कळलं. (स्थळं पाहताना पोराचा पगार असाच दोन आकड्यांत सांगतात!)

पण त्यानं जो पुढे ठेवला, तो डबा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. भोक म्हणून औषधाला नाही! असलं वाण दिलं तर विहीणबाई काय म्हणतील? शेजारी एक मोठा डबा होता, त्याच्या अंगाला जाळी. डबे काही तेहतीस देता येत नाहीत, निदान भोकं तरी तेहतीस हवीत, म्हणून मी चष्मा पुसला आणि मोजायला बसले. बत्तीस भरली. पुन्हा मोजली. एक भोक किमतीच्या चिठ्ठीखाली दडलं होतं. तेहतीस! माझ्या अंगावर काटाच आला.

"हाच द्या!"

"मावशी, हा दीडशे वॅटचा आहे. ज्यादा होते."

"जावयाले ज्यादाच देतात, भाऊ."

"अवं, तो माणूस सांगून राह्यला नं..." यांनी मध्येच तोंड घातलं.

"तुम्ही बाकावर बसा जी."

हे बसले. सलीमभाऊही हरला. म्हणाला, "ठीक आहे. मी घरी येऊन बसवतो. याचा जोर स्क्रूनं दाबून ठेवला का चालून जाईन. पण त्या स्क्रूले कोणी हात लावू नका."

"मी काऊन लावू हात?"

वाणाच्या दिवशी ताटात ॲम्प्लिफायर, त्याला हळदकुंकू, वर चांदीचा दिवा. जवाईबापूंचा चेहरा असा उजळला, की दिवा लावायची गरज नव्हती! जेवणं झाली, धोंडे खाऊन जवाईबापू लवंडले. सलीमभाऊनं अंगणात गाडीच्या सीटखाली डबा बसवला, गाणं लावून तपासला आणि तो नमाजाला गावात गेला.

मी सहज डोकावले. स्क्रू पाव भागावर! म्हणजे दीडशेचं घेतलं आणि जावयाला पावच द्यायचं? वाण कोणी पाव देतं का? नखानं काही फिरेना. मग स्वयंपाकघरातून चाकू आणला आणि दिला पुरा फिरवून!

तेवढ्यात जवाईबापू उठून आले, गाडीत बसले आणि हौसेनं आवाज वाढवला.

पहिल्या ठोक्याला खिडकीच्या काचा थरथरल्या. दुसऱ्याला म्हैस दावं तोडून थेट गल्लीत! तिसऱ्याला गाडीतून काहीतरी फाटल्यासारखं खरखरलं, डब्यावर लाल दिवा लागला आणि सगळं थंड.

"गेले," जवाईबापू म्हणाले. घरचं माणूस गेल्यावर बोलतात, तसे.

"माय! तू काही केलं काय?" सीमा धावत आली.

"मी? मी काऊन करू?" (चाकू अजून माझ्या हातातच होता.)

जवाईबापूंनी माझ्याकडे पाहिलं, चाकूकडे पाहिलं आणि सीमाला म्हणाले, "बॅग भर."

धोंड्याच्या महिन्यात जावई रुसून गेला, तर लोकांना मी काय तोंड दाखवू? नाही नाही ते नवस बोलून गेले. (दोन तर अजून फेडायचे आहेत.)

बॅगेची चेन लागायच्या आत सलीमभाऊ परत आला. त्यानं लाल दिवा पाहिला, स्क्रू पाहिला, मग मला पाहिलं. डबा बंद केला, थंड होऊ दिला, स्क्रू मागे घेतला आणि चालू केलं. एक स्पीकर बोलला. दुसरा बोलला. तिसरा. चौथ्याला जरा वेळ लागला, तेवढ्यात मी आणखी एक नवस बोलले. चौथाही बोलला!

मी तिथंच मातीत बसकण मारली. जवाईबापूंनी बॅग आत नेली.

"मावशी, तुमचं नसीब चांगलं," सलीमभाऊ म्हणाला. "मशीन हुशार आहे. ज्यादा झालं का आपणच गप होते. नाहीतर चारही जळले असते."

सकाळपासून बाकावर बसवल्यासारखे गप्प असलेले आमचे हे तेव्हा पुढे आले. "सलीमभाऊ, असं काही घरच्या माणसाले बसवून भेटते काय?"

जवाईबापू इतके हसले, की त्यांना उचकी लागली.

मी मात्र सलीमभाऊला बसवून घेतलं, चहा दिला आणि मुळात मी किती कमी बोलते, ते त्याला पाऊण तास नीट समजावून सांगितलं.