बाण आहे का?

माझी जीभ तिखट आहे, हे घरीदारी सगळ्यांना ठाऊक आहे. पण नको तिथे चालणारी ही जीभ हवी तिथे टाळ्याला चिकटते, हे मला इंदूरला, विजय नगरच्या ऑफिसात कळलं.

तिथे मराठी आम्ही दोघंच. मी परमनंट आणि ज्यांना मी काका म्हणायचे, ते कॉन्ट्रॅक्टवर. राउटरचं मला जे काही येतं ते त्यांनीच शिकवलेलं. त्यांची एक शिस्त होती. ते कागदावरून एकेक ओळ वाचणार, मी टाइप करणार, मग मी स्क्रीन बघून "झालं" म्हणायचं, तेव्हा कुठे ते टिक करणार. मला भारी वैताग यायचा.

त्या रविवारी सकाळी एका दवाखान्याच्या धार आणि बेटमा अशा दोन शाखा नव्या राउटरवर घ्यायच्या होत्या. डेटा कुठून पाठवायचा याचा बाहेरून कळलेला रस्ता आपला राउटर शाखांना सांगतो, पण पुढच्या टप्प्याचा पत्ता बाहेरच्याचाच ठेवतो. बेटम्याला तो पत्ता कुठून माहीत असणार? म्हणून प्रत्येक शाखेसाठी एक ओळ घालायची, नेक्स्ट-हॉप-सेल्फ. म्हणजे, माझ्याकडे आणून द्या, पुढचं मी बघतो. ती ओळ राहिली तर रस्ता यादीत दिसतो, पण त्याच्याआधी बाणाची खूण नसते आणि त्यावरून काहीही जात नाही.

धारची ओळ मी घातली. बेटम्याची राहिली.

"बेटमा. बाण आहे का?" काकांनी विचारलं.

पोटात कावळे ओरडत होते. यादीत रस्ता दिसला, तेवढंच मी पाहिलं. "अहो काका, आहे म्हणते ना! चला आता, पोहे संपतील."

त्यांनी टिक केली. जुनी लाइन काढली. आम्ही पोहे खायला गेलो.

फोन आला तेव्हा दुपार झाली होती. बेटम्याहून एकही रिपोर्ट इंदूरच्या डॉक्टरांपर्यंत पोचला नव्हता. एका बाईला तासन् तास ताटकळत ठेवून शेवटी गाडीत घालून इकडे आणलं. वाचली बिचारी.

सोमवारी मीटिंगमध्ये मॅनेजरने तो कागद टेबलावर आपटला. "ये टिक किसकी है?"

"मेरी है जी," काका म्हणाले.

"बिना देखे लगा दी?"

काका उठले. कोपऱ्यातल्या जगमधून पाणी ओतलं आणि उभ्याउभ्या, सावकाश, अख्खा ग्लास प्यायले. माझ्या प्रमोशनची फाइल वर गेलेली होती. मी वहीत रेघोट्या मारत बसले. ग्लास खाली ठेवून ते म्हणाले, "टिक मेरी, तो गलती भी मेरी."

महिनाअखेरीला त्यांचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. निरोपाला कचोऱ्या मी मागवल्या. माणसाने निर्लज्ज असावं तरी किती!

चार महिन्यांनी धीर करून बड़ा गणपती भागातल्या त्यांच्या घरी गेले. अजून काम मिळालं नव्हतं. वय ऐकलं की लोक फोन ठेवतात, काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

"काका, मी बाण बघितलाच नव्हता."

"माहीत आहे गं. ती ओळ दुपारी मीच घातली ना."

"मग मीटिंगमध्ये बोलला का नाहीत?"

काकूंनी पाणी आणून ठेवलं. ग्लासकडे बघत ते म्हणाले, "त्या दिवशी मला तहान नव्हती लागली. तू बोलशील म्हणून थांबलो होतो."