पेटी दानाची नव्हती

"उभी राहा," चेअरमन म्हणाले.

मी उभी राहिले. चर्चच्या हॉलमध्ये दोन-अडीचशे माणसं बसली होती. सगळे ठेवीदार. त्यातल्या बहुतेकांच्या घरचा चहा मी प्यायलेली. कुणाच्या सुनेला कितवा महिना आहे, कुणाचा मुलगा आखातातून कधी येणार आहे, हेसुद्धा मला पाठ.

"हिला नीट बघा," चेअरमन माइकवर बोलत होते. "तुमच्या दारात कोण यायचं? ही. पैसे कुणी घेतले? हिने. मुदत वाढवायच्या कागदावर सह्या कुणी आणल्या? हिनेच. मी आलो होतो का तुमच्या दारात? मग मला कशाला विचारता? विचारा हिला."

 सगळे नुसते बघत राहिले. मागून एक बाई म्हणाली, "हे मात्र खरं. आमच्याकडे हीच यायची." त्यावर दोन-चार माना हलल्या. माझ्या खांद्याला पिशवी होती. चौदा वर्षं जिच्यात लोकांचे पैसे घातले, तीच रेक्झिनची पिशवी. ती कुठे लपवावी ते मला कळेना.

"बस आता खाली," ते म्हणाले.

आणि मी बसले. त्यांनी उभं केलं त्याचं मला एवढं वाटत नाही. मी बसले, याचं वाटतं.

आमच्या पतसंस्थेचं ऑफिस चर्चच्या आवारात होतं. उद्घाटनाला फादरांनी येऊन पवित्र पाणी शिंपडलेलं. रविवारी चर्चमधली दुसरी मिस्सा, म्हणजे उपासना, संपली की ऑफिसची खिडकी उघडायची. लोक मिस्साच्या कपड्यांतच रांगेत उभे राहायचे. केळीचे पैसे, फुलांचे पैसे, पगारातले उरलेले. घेणारा घ्यायचा, देणारा द्यायचा, पुस्तकात जमेल तेव्हा लिहिलं जायचं. पावती कुणी मागत नसे. एकदा नव्या बिल्डिंगमधल्या, मूळच्या रत्नागिरीकडच्या एका गृहस्थांनी मागितली, तेव्हा रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. "देवलाच्या आवारात पावती मागतं," एक जण म्हणाली. आमच्याकडे जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. हसणाऱ्यांत मीही होते. त्या गृहस्थांनी सहा महिन्यांत खातं बंद केलं.

मी पिग्मी गोळा करायचे, म्हणजे रोजची बचत. आधी सायकलवर, मग स्कूटरवर, निर्मळपासून सांडोरपर्यंत. लोक मला पिग्मीबाईच म्हणायचे. कुणी कुरकुरलं की माझं एक ठरलेलं वाक्य होतं. "देवळाच्या आवारातले पैसे कुठे जातात?" चौदा वर्षं मी हे वाक्य विकलं. कमिशन घेऊन विकलं. माझी स्वतःची ठेवही तिथेच होती. मी लबाड नव्हते. पण नुसतं लबाड नसणं पुरत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

माझ्या फेरीतलं शेवटचं घर कातरीनबायचं. मूळची खाडीपलीकडच्या भातशेतीच्या गावची, लग्न होऊन इकडे आलेली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. दुसऱ्याच्या वाडीत एक तुकडा खंडाने घेऊन माठ, शेपू, मुळा लावायची आणि बाजारात विकायची. रोज दहा रुपये. पदराच्या गाठीतून काढून माझ्या हातावर ठेवायची आणि रोज तेच म्हणायची, "पोरी, हे माझ्या पेटीचे."

पेटी म्हणजे शवपेटी. साधी लाकडाची, वर पितळेचा क्रूस. मेणबत्त्या. मातीला येणाऱ्यांना चहा आणि पाव. एवढा तिचा हिशेब ठरलेला होता. मी चिडवायचे, "आजी, तुम्ही आम्हा सगळ्यांना पोचवून मग जाणार." ती म्हणायची, "मंग तुला पन एक घेऊ. दोन घेतल्या तं स्वस्त मिलतील." हसून झालं की गंभीर व्हायची. "मना कोनाच्या उपकारावर जावाचं नाय, बाय. जन्मभर दुसऱ्याच्या जमिनीत राबली. आता जाताना तरी माझ्या पैशाच्या पेटीत जाईन."

मी म्हणायचे, "मी आहे ना आजी."

मग एका रविवारी खिडकी उघडलीच नाही. काचेवर कागद लावलेला, तांत्रिक कारणामुळे व्यवहार बंद. तांत्रिक कारण म्हणजे एक बिल्डर होता. चिंचोटीला धबधब्याच्या रस्त्यावर रिसॉर्ट बांधणार होता. आमच्या माठाचे, केळीचे, मोगऱ्याचे पैसे त्याला कर्जाने दिलेले. तिथे आज चार खांब आहेत आणि त्यांच्यावर वेल चढलेत. संचालकांनी मात्र स्वतःच्या ठेवी महिनाभर आधीच काढल्या होत्या. कॅशियरने हे मला नंतर रडत सांगितलं. रडून त्याने तरी काय केलं? मीही त्याच्यासोबत रडले आणि घरी आले.

खिडकी बंद झाल्यावर पंधरा दिवसांनी चेअरमननी मला बंगल्यावर बोलावलं. ते ओट्यावर आरामखुर्चीत, मी पायरीवर उभी. लहानपणापासून त्या पायरीची मला सवय होती, माझी आई त्यांच्याकडे कपडे धुवायची. ते म्हणाले, "लोकांचा तुझ्यावर विश्वास आहे. हे संमतीपत्र आहे. सह्या घेऊन ये. मुदत पाच वर्षं वाढवली की संस्था तरेल. नाही आणल्यास तर बुडेल, आणि पाप तुझ्या माथी."

मी पुन्हा स्कूटर काढली. तीच घरं, तीच पिशवी. संमतीपत्राला दोन पानं होती. पहिल्यावर मुदतवाढ. दुसऱ्यावर लिहिलं होतं की संस्थेविरुद्ध कुठेही तक्रार करणार नाही. मी बारावी पास आहे. मला वाचता येतं. मी दुसरं पान उलटून बघितलंच नाही, कारण बघितलं असतं तर सह्या मागायला तोंड उरलं नसतं.

कातरीनबायने अंगठा शाईला लावण्याआधी विचारलं, "तू वाचलंस ना?"

"हो, आजी."

"मंग झालं," म्हणाली आणि अंगठा उठवला.

हॉलमधली सभा त्यानंतरची. लोक बोलायला लागले, तेव्हा चेअरमननी तेच दुसरं पान हवेत हलवून दाखवलं आणि मला उभं केलं. कातरीनबाय दुसऱ्या रांगेत होती. बाकी सगळे माझ्याकडे बघत होते, तेव्हा ती खाली बघत होती. घरी जाताना मी तिची माफी मागायला गेले. ती म्हणाली, "जाऊ दे. माझी पेटी मिलंल ना?" मी पुन्हा हो म्हणाले. तोवर खोटं बोलणं माझ्या अंगवळणी पडलं होतं.

त्यानंतर ती खंगत गेली. एकदा काठी टेकत ऑफिसात गेली, थोडे तरी द्या म्हणाली. तिथल्या कारकुनाने सांगितलं, फक्त मोठं आजारपण किंवा मृत्यू असेल तर अर्ज घेतो, दाखला आणा. "मंग मेल्यावर येतं," ती म्हणाली. ऑफिसभर हशा पिकला. हे तिनेच मला हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

मे महिन्यात गेली. सकाळी शेजारणीने दार ढकललं, तर खाटेवर शांत पडलेली. एवढ्या उकाड्यात ठेवणार तरी किती वेळ? संध्याकाळच्या आत माती द्यायला हवी होती. मी तिचं बचतीचं पुस्तक आणि डॉक्टरांचा दाखला घेऊन ऑफिसात धावले. कारकून म्हणाला, अर्ज कमिटीपुढे जाईल, पुढच्या महिन्यात बैठक आहे.

मग मी बंगल्यावर गेले. तीच पायरी.

"गेली का? अरेरे," चेअरमन म्हणाले. "तू जा. पेटी मी पाठवतो. माझ्याकडून."

"साहेब, तिच्या खात्यात पैसे आहेत."

"म्हटलं ना, मी देतो. खात्याचं काय काढून बसलीस? माणूस मेलंय."

मी पायरी उतरले. मयत घरात होती आणि मला पेटी हवी होती. दुपारी टेम्पोतून आली. पॉलिश केलेली, पितळी कड्यांची, तिने ठरवली होती तिच्याहून कितीतरी भारी. बायका म्हणाल्या, नशीब काढलं म्हातारीने. मला मात्र एकदम नऊ वर्षांची मी आठवले. नाताळच्या दिवशी चर्चबाहेर, सगळ्यांसमोर, चेअरमनच्या आईने मला एक फ्रॉक दिला होता. त्यांच्या मुलीचा, वापरलेला. आईने माझ्या पाठीत हलकेच ढोसलं, "थँक्यू म्हण." मी म्हणाले. ती मुलगी शेजारीच उभी होती. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "तो माझा आहे, बटण तुटलंय म्हणून दिला." तो फ्रॉक मी दोन वर्षं घातला. आईचा धुण्याचा पगार त्या घराकडे तीन महिन्यांचा थकलेला होता, हे मला मोठेपणी कळलं.

चर्चमध्ये मरणाची मिस्सा झाली. पेटी उचलायच्या आधी चर्च कमिटीचे एक गृहस्थ माइकवर आले. म्हणाले, "या निराधार आजींच्या अंत्यविधीसाठी आपल्या चेअरमनसाहेबांनी स्वखर्चाने पेटी दान दिली. देव त्यांना भरभरून देवो."

चेअरमन पहिल्या बाकावर होते. त्यांनी मान किंचित खाली घातली.

मी उठले. कुणी उठवलं नाही, मीच उठले.  माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"पेटी दानाची नाही," मी म्हणाले. "तिच्या पैशांची आहे. रोज दहा रुपये मी स्वतः घेतलेत तिच्याकडून. हे तिचं पुस्तक."

मी पुस्तक वर धरलं.

फादर नवीन होते, वर्षभरापूर्वी बदलून आलेले. ते हळू म्हणाले, "ताई, बसा. मयत समोर आहे."

"मयताचंच बोलतेय, फादर. तिला कुणाच्या उपकारावर जायचं नव्हतं. मी शब्द दिला होता. आणि ज्या कागदावर तिचा अंगठा आहे, तो मी न वाचता, वाचला म्हणून सांगून घेतला. तुमच्या सगळ्यांच्या सह्या मी तशाच घेतल्या. दुसऱ्या पानावर तुमच्या तोंडाला कुलूप घातलंय. तेही मीच आणून दिलं."

वाटलं होतं, एखादा तरी माझ्याबरोबर उठेल. एवढे ठेवीदार तिथे बसले होते. कुणी उठलं नाही. चार माणसांनी पेटी उचलली आणि अंत्ययात्रा दफनभूमीकडे निघाली. मी मागे चालले. माझ्या आजूबाजूला हातभर जागा मोकळी राहिली होती.

मातीनंतर एका शेजाऱ्याने मला गाठलं. त्याच्या मुलीच्या लग्नाचे पैसे अडकलेत. तो म्हणाला, "तू आता आमचे उरलेसुरले पण बुडवलेस. साहेब चिडले तर कोण देणार?" तो आजही माझ्याशी बोलत नाही. माझा नवराही महिनाभर धड बोलला नाही. मी त्यांना दोष देत नाही. आशा सुटायला वेळ लागतो, माझीही लवकर सुटली नव्हती.

मी पोलीस स्टेशनला गेले. माझ्याकडे उरलेल्या एका संमतीपत्राची दोन्ही पानं दिली. तिथल्या पोलीस अधिकाऱ्यांनी ती चाळली आणि विचारलं, "यात तुमचंही नाव येईल. कळतंय ना?"

"आधी तेच लिहा," मी म्हणाले.

त्यांनी लिहिलं. चेअरमननी जामीन घेतला, मीही घेतला. प्रशासक आले, बदलले, दुसरे आले. रिसॉर्टची जमीन विकून पैसे देणार म्हणतात, पण त्या जमिनीवर आणखी तिघांचे दावे आहेत. पैसे मिळणार नाहीत. हे मी कुणाला मुद्दाम सांगायला जात नाही, पण विचारलं तर आता खोटंही बोलत नाही.

मागच्या महिन्यात ऑफिसचा शिपाई दारात आला. खातेदार मयत आहे, पुस्तक जमा करायचंय म्हणाला. मी त्याला पाणी दिलं. पुस्तक दिलं नाही. तो गेल्यावर मी ते उघडलं. जमेच्या बाजूला माझ्याच अक्षरात पानंच्या पानं दहा, दहा, दहा. खर्चाची बाजू कोरी. तिथे मी तिच्या मातीची तारीख टाकली आणि लिहिलं, पेटी, एक. पुढे चेअरमनच्या सहीची जागा मोकळी ठेवली.

त्या रविवारी दुसरी मिस्सा सुटल्यावर मी चर्चच्या फाटकाशी उभी राहिले आणि पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. "साहेब, सही." ते बाजूने निघून गेले. पुढच्या रविवारी मागच्या दाराने गेले. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांचा ड्रायव्हर मला म्हणाला, "बाई, सोडा आता. मेलेल्या बाईच्या पुस्तकावर सही घेऊन काय मिळणार तुम्हाला?"

काही मिळणार नाही. ती ज्या पेटीत गेली ती तिची होती, एवढं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं. तिचा अंगठा त्यांना चालला होता, आता त्यांची सही मला हवी. येत्या रविवारी मी फाटकाशी असेन. त्याच्या पुढच्याही. ते सही करतील तोवर, नाहीतर माझी पेटी त्या फाटकातून आत जाईल तोवर.