आपलंच घर समजा

गळकी स्लॅब दुरुस्त करायला घर तारण ठेवायचं होतं. बँकेकडे की पतसंस्थेकडे, एवढंच ठरत नव्हतं. दौंडच्या एका पतसंस्थेसाठी गिऱ्हाईक शोधणारे कडक इस्त्रीतले एक गृहस्थ सारखे येत. माझ्याच ओसरीवर बसून मला सांगत, “आप्पा, बँक नुसती हेलपाटे मारायला लावती. आपल्यात तसं न्हाई. आपलंच घर समजा.”

काल ते पाहणीला आले. स्लॅबकडे त्यांनी मान वर करून पाहिलं नाही. रस्त्याकडची बाजू मात्र पावलांनी मोजली आणि अंगणातल्या कडुलिंबावर थाप मारत माझ्या बायकोला म्हणाले, “काकू, हा तोडावा लागंल. दुकानाच्या गाळ्यांना आडवा येतोय.”

“कसले गाळे?” तिनं विचारलं.

ते प्रेमळ हसले. मी मनात बँक पक्की केली. तरी ते फाटकाबाहेर पडेपर्यंत त्यांच्याकडे पाठ फिरवायची मला भीती वाटत होती.