अठरा भरायला किती महिने?

"हात जोड. वर बघ. फोनकडं बघ बे, खाली काय बघतो?"

भर दुपारी मी खडी क्रशरच्या मागं गुडघ्यांवर बसलो होतो. खाली ताजी फोडलेली खडी. अंगात कॉलेजचा गणवेश. समोर खुर्चीत भैय्या. भैय्या म्हणजे क्रशरच्या मालकाचा पुतण्या. त्याच्या फोटोशिवाय आमच्या भागात एक बॅनर लागत नाही. वाढदिवसाला त्यानं तलवारीनं केक कापला. केक कलंडला आणि त्याच्या पांढऱ्या बुटांवर पडला. तो व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर आला आणि त्याखाली मी हसण्याचं एक चित्र टाकलं. पिवळं तोंड, हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं. एक शब्द लिहिला नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आमच्याकडं आता नुसतं मारून सोडत नाहीत. मारतात, मग माफीचा व्हिडिओ काढतात. मार चार दिवसांत उतरतो. व्हिडिओ उतरत नाही. तो पाटोद्यात फिरतो, परळीत फिरतो, पुण्यात वॉचमन असलेल्या मामापर्यंत जातो. बोलायचं काय तेही ठरलेलं असतं. मला दिलेलं वाक्य असं होतं: "भैय्या आमचा बाप हाय. मी बापाला हसलो. माझी चूक झाली."

पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी रडत होतो. दुसऱ्यांदा बरं जमलं, पण भैय्यानं फोन कानाला लावून ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

"आवाज येईना. मशीन बंद करा रे."

माझी माफी नीट ऐकू यावी म्हणून क्रशर बंद केला. धूळ खाली बसली. पाट्या वाहणारी सगळी माणसं जागच्या जागी थांबली. त्यांत बायाही होत्या. त्या शांततेत मी परक्या माणसाला माझा बाप म्हणालो. तिसऱ्यांदा.

फोन बाळ्यानं धरला होता. आमच्याच गावचा, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. त्याची आई त्याच क्रशरवर पाट्या वाहायची. तो भैय्याची गाडी पुसायचा, फोन धरायचा, हसायला सांगितलं की हसायचा. भैय्या फोन ऐकत होता तेवढ्यात बाळ्या माझ्याजवळ वाकला आणि हळूच म्हणाला, "उरकून टाक लवकर. मोठ्यानं म्हण, म्हंजी सोडत्यात."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते लपवलं, आणि त्यावरून एक माणूस मेला.

आई-बाप तेव्हा कर्नाटकात ऊसतोडीला होते. घरी मी आणि म्हातारी आत्या. बापानं तो व्हिडिओ फडावर, मुकादमाच्या फोनवर बघितला. पोरगं कुणाला बाप म्हणतंय हे त्याला आठ-दहा कोयत्यांच्या, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्यांच्या, घोळक्यात बघावं लागलं. संध्याकाळी त्याचा फोन आला. आधी आत्या कशी हाय ते विचारलं. मग म्हणाला, "गुडघ्याला लागलं का रं?"

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला त्या प्रश्नाचा राग आला. वाटलं, बाप असा मऊ म्हणून मी असा. आज हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते, पण तेव्हा असंच वाटलं होतं.

कॉलेज सुटलं. एसटीत चढलो की पोरं हात जोडायची. केस कापायला गेलो तर न्हाव्यानं आरशातून बघून विचारलं, "तूच का रे तो?" मी घराबाहेर पडेना. घरात बसलो की फोन, फोन उघडला की मी. असं घरात बसून बसून एखादं पोरगं गळफास घेतं. एखादं दुसऱ्याच्या गळ्याला हात घालतं. मी दोन्हींचा विचार केला. खोटं कशाला बोलू.

माझ्याकडं रोज येणारा एकच माणूस होता, म्हादू. त्याच्या घरची मेंढरं. नववीतनं शाळा सोडून तो ती राखायचा. माझ्यापेक्षा अंगानं बारका, वयानंही नऊ महिन्यांनी लहान, पण शाळेत माझ्या एक वर्ष पुढं होता. मेंढरं बाभळीखाली बसवून तो माझ्या दारात येऊन बसायचा आणि म्हणायचा, "सांग की, कसं कसं झालं?"

मी सांगायचो. रोज थोडं वाढवून. म्हटलं, बाळ्या हसत होता. म्हटलं, बाळ्या मला म्हणाला की अजून रड, चांगलं दिसतंय. म्हादूच्या कानशिलावरची शीर उडायची. मला बरं वाटायचं. माझ्यासाठी कुणाला तरी राग येतोय हेच माझं औषध होतं.

मग नानाचा निरोप आला. नाना म्हणजे तालुक्यातला दुसरा मोठा माणूस. खडीच्या कामावरून त्याचं आणि भैय्याचं जुंपलं होतं. मला भेटायचं होतं त्याला. म्हादू म्हणाला, मी पण येतो. रस्त्याकडेच्या ढाब्यावर नानानं आम्हा दोघांना समोर बसवून मटण खाऊ घातलं. स्वतःच्या हातानं वाढलं. त्या व्हिडिओनंतर माझ्याशी नीट बोललेला तो पहिला मोठा माणूस. "तुझा व्हिडिओ बघून मला रातभर झोप न्हाई," म्हणाला. मी विरघळलो.

मग त्यानं विचारलं, "अठरा भरायला किती महिने राहिले?"

मला वाटलं, भरतीचं काहीतरी बघतोय. म्हटलं, "दाखल्यावर एक जूनला भरतंय." नानानं बोटांवर मोजलं. "म्हंजी टाइम हाय."

म्हादू मध्येच म्हणाला, "नाना, मी तर ह्याच्याहून बारका हाय. पुढच्या दिवाळीनंतर अठरा."

नानानं त्याच्या ताटात अजून एक पीस टाकला. मग सगळं समजावून सांगितलं, एखादी शासकीय योजना समजावून सांगावी तसं. अठराच्या आतल्याला जेल नसतं. सुधारगृह असतं. टीव्ही असतो, दोन टाइम जेवण असतं. वकील नानाचा. सहा महिन्यांत बाहेर. बाहेर आला की स्टँडवर बॅनर. "आन भैय्याला हात लावायचा न्हाई. ज्यानं फोन धरला त्याला धरायचा. भैय्याला आपोआप समजंल."

आम्ही दोघांनी माना हलवल्या. मोठ्याला हात लावायचा नाही हे आम्हाला इतकं पटलेलं होतं की का म्हणून विचारलंही नाही.

गाडीच्या डिकीतून त्यानं कागदात गुंडाळलेला कोयता काढला. कोयत्यात आम्ही जन्मलो. पण ऊस तोडायचा कोयता वेगळा. हा लांब होता, कोरा, कुठल्याच पिकाच्या कामाचा नव्हता. नानानं तो माझ्यापुढं धरला. माझा हात पुढं झाला नाही. म्हादूनं घेतला.

मी तेव्हा नाही म्हणालो असं सांगितलं तर कथा छान होईल. मी नाही म्हणालो नाही. मी घाबरलो, एवढंच. आणि परतताना गाडीवर म्हादूच्या मागं बसून मी एक वाक्य बोलू शकलो असतो: बाळ्या मला उरकून टाक म्हणाला होता रे, तो वाईट नव्हता. तेवढं एक वाक्य. ते माझ्या तोंडातून निघालं नाही, कारण ते बोललो असतो तर मी खोटारडा ठरलो असतो.

बाजाराच्या दिवशी म्हादू मला न सांगता गेला. बाळ्या रसवंतीवर बसला होता. पुढचं मी सांगणार नाही. त्याचेही व्हिडिओ आहेत, ज्याला बघायचेत तो बघतो.

बातमी आली तेव्हा मला आनंद झाला. हो. दुपारपर्यंत. आत्यानं भाकरी वाढली आणि मी दोन खाल्ल्या. मग गल्लीतून बाळ्याच्या आईचा आवाज आला. क्रशर चालू असतानाही ऐकू जाईल असा. तेव्हा ते वाक्य माझ्या कानात परत वाजलं. मोठ्यानं म्हण, म्हंजी सोडत्यात.

म्हादू पळाला नाही. चौकीत स्वतः जाऊन म्हणाला, "साहेब, मी बारका हाय. मला सुधारगृहात न्या." पोलिसांनी शाळेतून दाखला मागवला.

आमच्या गावात पोरांचे वाढदिवस एक जूनला असतात. निम्म्या गावाचा जन्म एक जूनचा. आई म्हणते पोळ्याच्या आधी, गुरुजी लिहितात एक जून. म्हादूची आई मेंढरांमागं रानोमाळ. लेकरू मागं कुणाजवळ ठेवायचं? तिनं त्याला मोठ्या बहिणीबरोबर शाळेत आणून बसवलं. साडेचार-पाच वर्षांचं पोर. गुरुजी म्हणाले, वय बसत नाही. ती म्हणाली, "बसवा की गुरुजी, खिचडी तर खाईल." गुरुजी भला माणूस. त्यानं एक जून टाकला, वर वयात एक साल वाढवून टाकलं.

खिचडीपायी वाढलेलं ते एक वर्ष. त्या हिशेबानं म्हादूला अठरा भरून सहा-सात महिने झाले होते. तो आता बीडला मोठ्यांच्या जेलात आहे. तो शाळेत माझ्या पुढं होता हे मला माहीत होतं. ढाब्यावर माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही.

त्याची आई कोर्टात ज्याला त्याला हात धरून सांगत होती, "माझं लेकरू दिवाळीनंतरचं हाय वो. मेंढरांच्या वाड्यावर झालंय, उघड्या रानात. मलाच म्हाईत न्हाई का?" कुणी ऐकलं नाही. तिच्याकडं कागद नव्हता.

आणि नानाचा वकील? एकदा आला. पुन्हा दिसला नाही.

दोन महिन्यांनी नाना आणि भैय्याचं मिटलं. खडीच्या कामात निम्मं-निम्मं ठरलं. स्टँडवर एकच बॅनर लागलं, दोघं शेजारी शेजारी, हात जोडून, हसत. ते जोडलेले हात बघून माझ्या गुडघ्यांत कळ आली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. बाळ्या, म्हादू, मी, आम्ही तिघं दांडे होतो. कुऱ्हाड त्या बॅनरवर होती.

बारावीची परीक्षा कशीबशी दिली आणि मला परत बोलावणं आलं. कुठं? त्याच क्रशरवर. आता खुर्च्या दोन होत्या. नाना म्हणाला, "घाबरू नको. हात जोडायचे न्हाईत. नुसतं बोलायचं. म्हादूच्याच डोक्यात राग होता, नानाचा काय संबंध न्हाई, मी नानाला कधी भेटलो न्हाई. एवढं बोल. डी.एड.ला नंबर लावून देतो."

ढाब्यावर आम्ही तिघंच होतो. म्हादूचं कोण ऐकणार? राहिलो मी.

फोन धरायला नवा पोरगा होता. जागा रिकामी राहत नाही. त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. मी त्याला विचारलं, "अठरा भरायला किती महिने राहिले रं?" त्याला काही कळलं नाही. नानाला कळलं.

भैय्यानं सवयीनं हात वर केला. "मशीन बंद करा रे."

क्रशर थांबला. धूळ बसली. माणसं पाट्या घेऊन थांबली. त्यांत बाळ्याची आई होती. पोरगं मेल्यावर बाराव्या दिवशी ती परत कामाला आली होती, त्याच क्रशरवर. दुसरीकडं कुठं जाणार?

मी फोनकडं बघितलं नाही. तिच्याकडं बघितलं आणि मोठ्यानं म्हणालो, "मावशी, म्हादूला कोयता नानानं दिला. माझ्यासमोर दिला. आन बाळ्या मला हसला नव्हता. मी खोटं सांगितलं व्हतं. त्यो मला वाचवाया बघत व्हता."

पुढं मला मारलं. ते सांगण्यासारखं नाही, आधीसारखंच होतं. फोन त्या पोराच्या हातून भैय्यानं हिसकावून घेतला. मावशी माझ्याजवळ आली नाही. तिनं पाटी खाली टाकली, आणि मला मारत होते तिथं बघत उभी राहिली. तिनं मला माफ केलेलं नाही. मी मागितलीही नाही. माफी या शब्दाचा मला आता वीट आलाय.

गावात आता माझ्याशी कुणी बोलत नाही. किराणावाला सामान देतो, बघत नाही. बाप म्हणतो, "चल, औंदा तू बी फडावर चल, हितं नको." त्याचं बरोबर आहे. मी इथून गेलो तर जगेन. गेलो तर म्हादूच्या बाजूनं बोलायला त्याची आई तेवढी उरते, आणि तिच्याकडं कागद नाही.

म्हादूनं केलं ते केलं. तो सुटावा असं मी म्हणत नाही. पण त्याच्या शेजारी आरोपीच्या पिंजऱ्यात अजून दोन जागा रिकाम्या आहेत. एक नानाची. दुसरी कदाचित माझी, जजसाहेब ठरवतील. मी माझं खोटं आधी सांगणार आहे आणि मग नानाचं.

एक जूनला मला अठरा भरली. नानाला आता माझा उपयोग नाही. पुढच्या तारखेला मी कोर्टात आहे.