आमचे साडू आणि कढत पाण्याचा शोध

जमिनीच्या पोटात काय चाललं आहे, हे आमच्या साडूंना सांगता येणार नाही असं एकही ठिकाण चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत नाही. उभी हयात त्यांनी घुग्घुसकडच्या कोळशाच्या खाणीत काढली. माणसं मोजून आत सोडायची, मोजून बाहेर काढायची आणि छत काठीने ठोकून ते पक्कं आहे का, हे आवाजावरून ओळखायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर लोक काशी-रामेश्वर करतात, यांनी जुने विहार, लेणी आणि गरम पाण्याचे झरे धरले. लेणी स्वतःच्या हौसेसाठी आणि झरे बाईंच्या गुडघ्यांसाठी. बाई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. त्यांना आता अंगणातून फाटकापर्यंत जाताना दोनदा टेकावं लागतं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, बाईंनी साफ नाही म्हटलं, आणि साडूंनी जाहीर केलं की गुडघ्याचं औषध जमिनीतच आहे, फक्त ते शोधायला माणूस जाणता पाहिजे.

हा जाणता माणूस दर रविवारी चामोर्शीला माझ्या घरी येऊन मला गाडीत घालतो. मी शाळामास्तर, म्हणजे रविवारी रिकामा, असा त्यांचा हिशेब. एकदा आम्ही भद्रावतीच्या विजासन लेण्यात गेलो. बाहेरून आलेल्या माणसाला तिथे शांत वाटतं, भिक्खू कुठे बसत असतील असं मनात येतं. साडूंनी कपाळावर दिवा बांधला आणि काठीने छत ठोकायला सुरुवात केली. चौकीदार धावत आला. "काका, काठी खाली घ्या. सरकारी हाय हे."

"सरकारी हाय म्हणूनच पाहून राह्यलो," साडू म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "गुरुजी, एक टेकू नाई, एक बोल्ट नाई, अन् छत अजून ठणठणीत. असे कामगार आमाले भेटले असते तं काय पाहिजे होतं." विहार खोदणाऱ्या त्या अनाम माणसांबद्दल इतक्या आदराने बोललेलं मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेलं नाही.

नियमाप्रमाणे मला, चौकीदाराला आणि लेणी पाहायला आलेल्या आणखी एकाला पुढे घालून ते शेवटी बाहेर आले, स्वतःसकट माणसं मोजली आणि त्यांचा चेहराच पडला. "आत पाच होते. बाहेर चारच आले." कोणी काही म्हणायच्या आत ते पुन्हा अंधारात शिरले. मागोमाग मीही गेलो. भुयाराच्या टोकाला दगडातले बुद्ध शांत बसले होते आणि साडू त्यांच्यापुढे हात जोडून उभे होते. आत मोजताना त्यांनी बुद्धांनाही गणतीत धरलं होतं. "यायची शिफ्ट संपतच नाई, गुरुजी," ते म्हणाले, आणि हजेरी पुरी झाल्याच्या समाधानाने बाहेर आले.

झऱ्यांच्या बाबतीत मात्र त्यांची प्रत्येक मोहीम घरी येऊन हरायची. कुठेही पाणी सापडलं की कोपर बुडवून पाहायचं, दुधाच्या कॅनमध्ये भरायचं, कॅनला गोधडी गुंडाळायची आणि गाडी हाणायची. घुग्घुसच्या रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत तास जायचा. घरी पोचेपर्यंत पाणी माठातल्यासारखं. बाई त्यात बोट बुडवून म्हणायच्या, "गॅसवर ठेवा." गॅसवर तापवलेल्या पाण्याला ते पाणी मानतच नाहीत.

शेवटी पाणी बाईंकडे येत नाही म्हटल्यावर बाईंना पाण्याकडे न्यायचं ठरलं. पोंभुर्ण्याच्या पलीकडे जंगलात एक लहानसा झरा त्यांनी हेरला होता. गाडीपासून तिथवर मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बायांची पायवाट. बाईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही दोघांनी उचललं. साडू पुढे, वाटेतला दगड अन् दगड मोठ्याने सांगत. बाई वरून, "अवो, हळू. पंगतीतलं बुंदीचं घमेलं हाय का मी?" असं म्हणून हसत होत्या. पाणी जेमतेम कोमट होतं. साडूंनी कोपर बुडवलं, आणि मग बाईंचे पाय स्वतःच्या हातांनी पाण्यात ठेवून शेजारी बसले.

"फरक वाटते का?" त्यांनी विचारलं.

"वाटते," बाई म्हणाल्या. साडूंच्या तोंडावर जो आनंद पसरला तो मला सांगता येणार नाही. ते लगेच कॅन आणायला गाडीकडे पळाले.

मी म्हटलं, "बाई, खरंच बरं वाटलं?"

"गुडघे तं दुखूनच राह्यले, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पण सांगू नका यायले. जन्मभर हे सकाळी घरी येऊन झोपत, नाई तं दिवस उगवायच्या आत जात. असं उजेडात बाजूले बसलेलं मी आज पाह्यलं."

साडू कॅन घेऊन आले आणि दमलेल्या आवाजात सांगू लागले की सिरोंच्याकडे याहून कढत पाणी असल्याचं कोणीतरी म्हणालं आहे. बाईंनी पाय पाण्यातच ठेवले आणि विचारलं, "कधी जाचं?"